जाळीचं विणकाम, उंची धागा आणि क्लबची वर्गणी

प्रश्न लाखनीजवळच्या एका गावातून आला आहे. थोडक्यात असा: "मी बारा वर्षांपासून दोन सुयांवर विणते. बाळांचे स्वेटर, टोपडी, मोजे, सासऱ्यांसाठी बिनबाह्यांचं जाकीट, सगळं अ‍ॅक्रेलिक लोकरीत. आता एका विणकाम क्लबची माहिती मिळाली. सहा महिन्यांची वर्गणी एकदम भरायची, मग दर महिन्याला पोस्टाने उंची धाग्याची एक लडी आणि जाळीच्या शालीचा एक नमुना येतो. मेरिनो, रेशीम, कॅशमियर अशी नावं आहेत. जाळी मी कधी विणलेली नाही. घरचे म्हणतात, आपल्या उन्हात लोकरीची शाल कोण घेणार? पैसे भरू का?"

ताई, आत्ता भरू नका. आधी सुती धाग्यावर एक जाळी विणा, धुवा, ताणून वाळवा. ती हातात धरून तुम्हाला दुसरी विणावीशी वाटली, तर दिवाळीनंतर भरा. तेही तीन महिन्यांची सोय असेल तर तीनच महिन्यांचे. सहा महिने म्हणजे सहा शाली. मला तीस वर्षांच्या हातानंतरही घरचं सगळं बघून एका शालीला दीड-दोन महिने लागतात. क्लबची पार्सलं त्यासाठी थांबत नाहीत. दर महिन्याला एक पाकीट येतं आणि आधीचं अजून सुईवर असतं. तिसऱ्या महिन्यापासून पोस्टमनचा राग यायला लागतो, त्यात त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

माझी पहिली उंची लडी मेरिनो-रेशमाची होती (मेरिनो ही एका जातीच्या मेंढीची मऊ लोकर), 100 ग्रॅम, 800 मीटर. उत्साहात गाठी सोडल्या, लडी मांडीवर पसरली आणि तिच्यातूनच टाके घालायला घेतले. अर्ध्या तासात असा गुंता झाला की चार संध्याकाळी तो सोडवण्यात गेल्या. अ‍ॅक्रेलिक लोकरीचा गुंडा तयार मिळतो, म्हणून आपल्याला ही सवय नसते. उंची धागा बहुतेक वेळा लडीच्या रूपात येतो, कारण गुंड्यात घट्ट गुंडाळून महिनोन् महिने ठेवला तर त्याचा फुगीरपणा जातो. लडी आली की दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवा, त्यांच्यावर लडी चढवा, गाठी मग सोडा आणि सैल हाताने गुंडा करा. कुणाचे दोन हात रिकामे असतील तर उत्तमच, पण 800 मीटर होईपर्यंत ते हात टिकत नाहीत.

आता जाळीबद्दल. माझ्या आजेसासूबाई माझ्या मांडीवरचं पाहून म्हणायच्या, "काय वो, मासोळीचं जाळं विनून राहिली का?" गंमत म्हणून सोडून द्यावं असं ते वाक्य नाही. आपला भंडारा तलावांचा जिल्हा, ढीवर बांधव जाळं विणताना तुम्ही पाहिलं असेल. त्या जाळ्यात प्रत्येक घराला गाठ असते. एक घर तुटलं तरी शेजारचं जागेवर राहतं. आपल्या सुयांच्या जाळीत एकही गाठ नसते. एका फासातून दुसरा फास, एवढाच आधार. म्हणून एक टाका निसटला की तो खाली खाली उसवत जातो, आणि वाटेत भोकं असली की कोणता टाका कुठला हे कळेनासं होतं. साध्या स्वेटरमध्ये निसटलेला टाका क्रोशाच्या सुईने वर चढवता येतो. जाळीत ते जमायला वर्षं जातात.

भोक पडतं ते धागा पुढे घेतल्याने. धागा सुईवर आडवा पडला की एक टाका वाढतो. तो वाढलेला टाका कुठेतरी कमी करावा लागतो, म्हणून जवळपास दोन टाके एकत्र विणतात. सगळ्या जाळ्या, कितीही अवघड दिसोत, या वाढ-घटीच्या हिशोबावर चालतात. फरक फक्त इतकाच की घट कोणत्या बाजूला झुकते. दोन टाके सरळ एकत्र सुलट विणले तर उजवीकडे झुकतात. एक टाका न विणता उचलून घेतला, पुढचा सुलट विणला आणि उचललेला त्याच्यावरून पलटवला, तर डावीकडे. पानाच्या नमुन्यात दोन्ही कडा आत वळलेल्या दिसतात त्या यामुळे. झुकाव चुकला तर टाक्यांची संख्या बरोबर येते आणि पान मात्र वाकडं दिसतं.

सरावासाठी लाटांची जाळी घ्या. ही स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलँड बेटांवरची जुनी जाळी आहे आणि चार ओळींपैकी फक्त एका ओळीत डोकं लावावं लागतं. 42 टाके घाला. दोन्ही कडांचे तीन-तीन टाके कायम सुलट. मधल्या 36 टाक्यांत 18 टाक्यांचा नमुना दोनदा बसतो. पहिली ओळ सगळी सुलट. दुसरी ओळ कडेचे तीन सोडून मधले उलट. तिसरी ओळ: दोन टाके एकत्र, असं तीन वेळा; मग धागा पुढे आणि एक सुलट, असं सहा वेळा; मग परत दोन टाके एकत्र तीन वेळा. हे दोनदा. चौथी ओळ सगळी सुलट. दर तिसऱ्या ओळीनंतर टाके मोजा, 42 च भरले पाहिजेत. एक कमी आला तर बहुतेक धागा पुढे घ्यायचा राहिलेला असतो. उसवू नका. परतीच्या ओळीत त्या जागी दोन टाक्यांमधला आडवा धागा सुईवर उचलून घ्या, भोक आपोआप पडतं.

आणि राखणीचा दोरा. दर आठ-दहा ओळींनी एक चांगली, मोजलेली ओळ निवडायची आणि सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून रफूच्या सुईने गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा शिवणदोरा ओवून ठेवायचा. पुढे काहीही बिघडलं तरी त्या दोऱ्यापर्यंतच उसवतं. खुणेच्या कड्या लावल्या असतील तर दोरा कड्यांतून जाऊ देऊ नका, नाहीतर कडी तिथेच अडकते. हा दोरा घालायचा कंटाळा मी दोनदा केला. दोन्ही वेळा शाल मुळापासून परत विणली.

नमुने बहुतेक चौकटींच्या आलेखात येतात. आलेख खालून वर वाचायचा. समोरच्या बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे, कारण सुईवरचे टाके त्याच क्रमाने येतात. देवनागरी वाचणाऱ्या डोळ्याला हे उलटं वाटतं, म्हणून चालू ओळीच्या वर एक पट्टी ठेवा. सुयांच्या नंबरात आणखी एक खड्डा आहे. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा मोठा तितकी सुई बारीक: 8 नंबर म्हणजे 4 मिमी, 10 नंबर 3.25 मिमी, 12 नंबर 2.75 मिमी. अमेरिकी नमुन्यात उलट, तिथली 8 म्हणजे 5 मिमी. क्लबचे नमुने बऱ्याचदा अमेरिकी पद्धतीचे असतात. मिलिमीटर लिहिलेले असतील तेवढ्यावर विश्वास ठेवा.

जाळी सुईवरून उतरते तेव्हा चुरगळलेल्या चिंधीसारखी दिसते. नवीन बाया इथेच रडकुंडीला येतात. खरी जाळी धुतल्यावर आणि ताणल्यावर उघडते. ओले केस वेणीत बांधून ठेवले की सुकल्यावर लहरी राहतात ना, लोकरीचं तसंच आहे. लोकरही केसच. ओली असताना जो आकार द्याल तो वाळल्यावर धरून ठेवते, पुढच्या धुण्यापर्यंत. त्यासाठी कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि ताणून वाळवा. विकतच्या गाद्या-तारांची गरज नाही. जाळीच्या कडेच्या प्रत्येक टोकातून सुती दोरा ओवा आणि तो बाजेच्या चारही लाकडांना ताणून बांधा. शेटलँडमध्ये आणि रशियातल्या ओरेनबुर्गमध्ये लाकडी चौकटीवर असंच ताणतात, आपली बाज ही तयार चौकटच आहे. टाचण्या वापरायच्या तर स्टीलच्या, गंजक्या टाचणीचा डाग रेशमावरून कधी निघत नाही. चैत्र-वैशाखात दोन तासांत वाळते, श्रावणात दोन दिवस. शेवटची ओळ बंद करताना मात्र जाड सुई घ्या, 10 नंबरवर विणलं असेल तर 8 ची. कड घट्ट राहिली तर बाज मोडली तरी शाल ताणली जात नाही.

यामुळेच धाग्याचा प्रश्न येतो. अ‍ॅक्रेलिक पाण्याने ताणून आकार धरत नाही. त्यावर वाफेची इस्त्री फिरवावी लागते, आणि जरा जास्त झाली की ते कायमचं लुळं पडतं. मेरिनो सगळ्यांत सोपी: मऊ, स्प्रिंगसारखी, चुका पोटात घालणारी. पण लेबलावर सुपरवॉश, म्हणजे मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली, असं लिहिलं असेल तर ती ओली झाल्यावर लांबते, नमुन्याचा तुकडा धुऊन मोजल्याशिवाय शाल सुरू करू नका. नुसतं रेशीम सुंदर पडतं, चमकतं, पण त्यात लवचीकपणा नाही आणि स्टीलच्या सुईवरून ते सटकतं. बांबूच्या सुया घ्या. मोहेअर ही अंगोरा बकरीची लोकर, तिचे तंतू एकमेकांत इतके अडकतात की उसवणं म्हणजे शिक्षा. पहिल्या शालीसाठी मोहेअर आलं तर सरळ बाजूला ठेवा. अल्पाका ही दक्षिण अमेरिकेतल्या त्याच नावाच्या प्राण्याची लोकर, उबदार पण लोंबते. माझं मत विचाराल तर पहिली उंची लडी मेरिनो आणि रेशमाच्या मिश्रणाची असावी, रेशीम निम्म्याहून कमी.

कॅशमियर म्हणजे पश्मिनाच्याच जातीची गोष्ट, बकरीच्या वरच्या राठ केसांखालची मऊ लव. लडाखच्या चांगथांग पठारावरच्या बकरीची ही लव साधारण 12 ते 15 मायक्रॉनची असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), माणसाचा केस त्याच्या चार-पाच पट जाड. म्हणून ती महाग, म्हणून तिच्या नावावर फसवणूकही जास्त. बाजारात पश्मिना म्हणून मिळणाऱ्या कित्येक स्वस्त ओढण्या व्हिस्कोसच्या, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या धाग्याच्या असतात. धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा. लोकर किंवा रेशीम असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. अ‍ॅक्रेलिक वितळून कडक मणी होतो. सूत आणि व्हिस्कोस कागदासारखे जळतात. मिश्रणातले टक्के यावरून कळत नाहीत, पण सरळ खोटं पकडलं जातं.

क्लबला पैसे भरण्याआधी काय विचारायचं? माझा पहिला प्रश्न ग्रॅमचा नसतो, मीटरचा असतो. 50 ग्रॅममध्ये 400 मीटर असेल तर तो जाळीचा बारीक धागा, त्यात छोटी तिकोनी शाल होते. 100 ग्रॅममध्ये 400 मीटर म्हणजे तेवढ्याच लांबीला दुप्पट वजन, बराच जाड धागा. पूर्ण लांबीच्या आयताकृती शालीला बारीक धागा 800 मीटरच्या आसपास लागतो. मी ज्या क्लबात अडकले होते, त्यांनी एक लडी पाठवली आणि नमुना दोन लड्यांचा. दुसरी लडी विकत घ्या म्हणाले, तोवर तो रंग संपला होता. हाताने रंगवलेल्या दोन लड्या कधीच हुबेहूब नसतात. म्हणून नमुना पाठवलेल्या धाग्यात पूर्ण होतो का, आणि नाही झाला तर त्याच घाण्यातली, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, लडी राखून ठेवता का, हे लेखी विचारा. एखादा महिना वगळता येतो का, नको असलेला धागा परत घेतात का, नमुना आलेखासोबत शब्दांतही लिहिलेला आहे का, हेही. क्लब परदेशी असेल तर कस्टम ड्युटी आपल्याकडून जाते आणि पार्सल कधी येईल याचा नेम नाही. ज्याच्याकडे फोन उचलून या प्रश्नांची उत्तरं देणारं माणूस नाही, त्याला सहा महिन्यांची आगाऊ रक्कम देऊ नये.

घरच्यांचा उन्हाचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. आपल्याकडे लोकरीची शाल पौषात पहाटे आणि झाडीपट्टीच्या नाटकाला, एवढीच. पण नाटक रात्रभर चालतं, मैदानात दव पडतं, आणि तीन वाजता नाटकातल्या बाईसोबत आपणही थंडीने रडायला येतो. तेव्हा माझी ती चार संध्याकाळी गुंता सोडवलेली शाल अंगावर असते. लोकर आपल्या मुलखाला अगदी परकीही नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडजवळ 1972 पासून तिबेटी वसाहत आहे, आणि थंडीत तिबेटी बाया गरम कपडे घेऊन बाजारात बसलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तरी वर्षाचे दहा महिने जे अंगावर घेता येईल ते सुती किंवा कोशाचं, हे खरंच.

आणि इथे आपण क्लबवाल्यांच्या पुढे आहोत. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात 840 यार्डाच्या किती लड्या बसतात तो आकडा. हिशोब केला तर 20 नंबरच्या एकेरी सुताचे 100 ग्रॅमला साधारण 3,400 मीटर भरतात. चार पदर एकत्र घेतले की 100 ग्रॅमला सुमारे 850 मीटर, म्हणजे थेट जाळीच्या शालीचा धागा. चार पदर नुसते शेजारी धरून विणू नका, सुई एखाद्या पदरातून आरपार जाते. चरख्यावर किंवा टकळीवर उलटा पीळ देऊन एक करून घ्या. वर्धा-सेवाग्रामकडे खादीचं काम करणाऱ्यांना नंबर आणि पदर नीट सांगितले तर काय हवं ते त्यांना लगेच कळतं. सूत ताणून वाळवल्यावर लोकरीइतकं आकार धरत नाही, पण मोठ्या भोकांची, सरळ रेषांची जाळी त्यात छान दिसते.

कोसा तर आपल्या घरचा. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीचा हा धागा, भंडारा-गडचिरोलीकडे तो पिकवणारेही पुन्हा ढीवर बांधवच. आंधळगाव-मोहाडीकडे करवतकाठी साड्या विणणाऱ्यांकडे काढलेला गुळगुळीत कोसा असतो आणि हाताने ओढलेला जाडाभरडा घिचाही. जाळीला मला घिचा आवडतो. तो ओबडधोबड असतो म्हणून सुईवरून सटकत नाही आणि त्याचा मधाचा रंग रंगवावा लागत नाही. मागासाठीच्या धाग्याला कधी खळ असते, कधी डिंक शिल्लक असतो, म्हणून विणण्याआधी लडी चार जागी सैल बांधून रिठ्याच्या पाण्यातून काढा. एका पदराला एक बारीक सुती पदर जोडला तर हाताला कमी टोचतं.

यावरून सुचलेली गोष्ट सांगते. आम्ही सहाजणींनी क्लबच्या वर्गणीऐवजी धाग्याची भिशी सुरू केली. महिन्याला ठरावीक रक्कम प्रत्येकीची, जिचा नंबर लागेल तिने त्या पैशात स्वतःच्या पसंतीचा धागा आणायचा. मेरिनो हवी तर मेरिनो, कोसा हवा तर कोसा. दर दुसऱ्या शनिवारी एकीच्या ओसरीवर बसायचं. दोघींना आलेख वाचता येतो, त्या बाकीच्यांना मोठ्याने वाचून दाखवतात: "धागा पुढे, जोडी, तीन सुलट..." शेजारचं पोरगं आता पाढ्यांसारखं म्हणतं ते. सहा महिन्यांत प्रत्येकीकडे एक उंची लडी येते, आणि पुढचा नंबर लागेपर्यंत ती विणून संपते. पोस्टाने येणाऱ्या क्लबात हा वेग आपल्या हातात नसतो, आणि चूक दाखवली तर पाहायला कुणी समोर बसलेलं नसतं. तुमच्या गावात तिघी जरी मिळाल्या तरी हे चालतं. नंतर हवं तर तिघींत मिळून एक क्लबची वर्गणी भरा आणि नमुने वापरा; फक्त नमुन्याच्या झेरॉक्सा गावभर वाटू नका, तो लिहिणाऱ्या बाईचं पोट त्यावर आहे.

साठवणीचं थोडक्यात. लोकर आणि रेशीम दोन्ही कसरीला आवडतात. धुतलेलं, पूर्ण वाळलेलं, हवाबंद पिशवीत ठेवा. कडुनिंबाचा पाला वासाला ठीक, पण एकट्याच्या भरवशावर राहू नका. शंका आली तर पिशवीसकट तीन दिवस फ्रीजरमध्ये, मग बाहेर, मग परत तीन दिवस. दसऱ्याच्या सुमारास सगळं काढून सावलीत वारा द्या, उन्हात नाही, रेशमाचा रंग उडतो. धुण्याचा सोडा आणि ब्लीच लोकरीच्या जवळही आणू नका, ब्लीचमध्ये लोकर अक्षरशः विरघळते. रिठा सगळ्यांत बरा.

एप्रिल-मे मध्ये दुपारी उंची धागा हातात घेऊ नका. घामाचे हात रेशमाला डागाळतात, आणि कुलरसमोर बसलं की दमट हवेत लोकर सुईला चिकटते, टाके घट्ट येतात. सकाळी सहा ते आठ ही वेळ चांगली. आणि क्लबवाल्यांनी कधी रंग विचारलाच, तर पहिल्या लडीला फिका सांगा. काळ्या नाहीतर गर्द जांभळ्या धाग्यातली भोकं लाइट गेल्यावर इन्व्हर्टरच्या एका बल्बखाली दिसत नाहीत.